मुंबईत चार रात्री, सोबत १४ वर्षांची लेक: राहायचं कुठे, फिरायचं कसं?

मेघना_सांगली

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या सुट्टीत मी आणि माझी लेक दोघीच मुंबईला येणार आहोत. २६ तारखेला शनिवारी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसने पोचायचं, ३० ला बुधवारी रात्री त्याच गाडीने परत. लेक नववीत आहे, वय १४. चित्रकलेची इंटरमिजिएट झाली आहे आणि जुन्या इमारती रेखाटायचा तिला भयंकर नाद आहे. दुसरा नाद खरेदीचा. देवळं आणि नातेवाइकांकडची जेवणं नकोत, असं तिने आधीच सांगून टाकलंय.

मला मुंबईची फारशी माहिती नाही आणि लोकलची तर भीतीच वाटते. विचारायचं आहे ते असं:

फोर्टात राहावं की दादरला? लोकल घ्यावी की सगळीकडे टॅक्सी करावी? एवढ्या दिवसांत काय बघावं आणि काय सोडावं? या वयाच्या मुलीला एवढ्या मोठ्या शहरात थोडं मोकळं सोडावं का, आणि सोडायचं तर कसं?

रोज दहा ठिकाणं दाखवायची हौस नाही. तिला मजा आली पाहिजे, आणि मलाही दम लागता कामा नये.

फोर्टकर

मेघनाताई, तारखा ठरल्या आहेत हे चांगलं झालं, कारण मुंबईत ठिकाणांच्या यादीच्या आधी वार बघावा लागतो. तुमच्या पाच दिवसांत रविवार, सोमवार आणि बुधवार आहेत आणि या तिन्ही वारांची काही ना काही अडचण आहे.

सोमवारी घारापुरीची लेणी बंद. काळा घोड्याजवळची राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची इमारत (एनजीएमए) बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणी बंद, जुहूच्या पृथ्वी थिएटरलाही सुट्टी. बुधवारी भायखळ्याची राणीची बाग बंद आणि तिच्या आवारालगतचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक: मध्य आणि हार्बर मार्गावर साधारण ११ ते ४ गाड्या रखडतात, पश्चिम मार्गावरही बहुतेक रविवारी ब्लॉक असतो. शिवाय फोर्टातली बरीच दुकानं आणि मंगलदास मार्केट रविवारी बंद. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मात्र आठवड्याचे सातही दिवस उघडं असतं, सकाळी सव्वादहा ते संध्याकाळी सहा. म्हणून ते मोकळं ठेवा, जिथे अडेल तिथे बसवा.

दुसरं म्हणजे हा ख्रिसमस ते ३१ डिसेंबरचा आठवडा. गेटवे, कुलाबा कॉजवे, मरीन ड्राइव्ह आणि वांद्र्याचं बँडस्टँड इथे संध्याकाळी पाचनंतर मुंगीला शिरायला जागा नसते. या चारही ठिकाणी पाचच्या आत जाऊन या. ३० ला परत निघताय ते उत्तम. ३१ ला संध्याकाळपासून दक्षिण मुंबईतले रस्ते बंद करतात.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जाताना आणि येताना, दोन्ही तिकिटं ज्या त्या तारखेचं आरक्षण उघडेल त्याच सकाळी काढा. या आठवड्यात तत्काळच्या भरवशावर राहू नका.

दादरची_मावशी

दोघी बायकाच आहात तर दादर पश्चिमेला राहा. कारणं सांगते.

महालक्ष्मी दादरला थांबते, त्यामुळे सामान घेऊन सीएसएमटीपर्यंत जाऊन परत उलटं यायला नको. दादर हे पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांचं स्टेशन, आणि आता मेट्रो ३ सुद्धा आहे. ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झाली. दादरला बसलात की गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी स्टेशनं ओळीने येतात. तिकीट अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये. लोकलची भीती वाटते ना, मग पहिले दोन दिवस मेट्रोनेच फिरा.

एक लक्षात ठेवा, मेट्रोचं दादर स्टेशन रेल्वे स्टेशनाला जोडलेलं नाही. पश्चिमेला बाहेर पडून चालावं लागतं. आणि दादरला रिक्षा नाही. रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला शीवपर्यंतच येतात, त्याच्या दक्षिणेला फक्त टॅक्सी. काळी-पिवळीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये. 'जवळचं भाडं नको' म्हणणारे भेटतात. वाद न घालता पुढच्याला विचारायचं.

दादरचं आणखी एक सुख म्हणजे नाटक. शिवाजी मंदिर, प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर, माटुंग्याचं यशवंत नाट्यगृह, सगळं टॅक्सीच्या किमान भाड्यात किंवा थोड्या जास्तीत. प्रयोग रात्री अकराला सुटला तरी खोली जवळ. फोर्टात राहिलात तर रात्री नऊनंतर ऑफिसं असलेल्या गल्ल्या सुनसान होतात, जेवायलाही कुलाब्यात जावं लागतं.

खोली घेताना तीन गोष्टी फोनवर विचारा: चेक-इन किती वाजता (गाडी सकाळी सातच्या सुमारास दादरला येते आणि बहुतेक ठिकाणी खोली १२ शिवाय देत नाहीत), आधी आलो तर सामान ठेवून अंघोळ करता येईल का, आणि खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का. मुंबईत स्वस्त खोली म्हणजे बऱ्याचदा बिनखिडकीची किंवा डक्टकडे तोंड असलेली, आणि चार रात्री तिथे जीव गुदमरतो. लेकीचंही मूळ आधार कार्ड बरोबर ठेवा, काउंटरवर दोघींचं मागतात.

निळी_शाई

मावशींशी अर्धी सहमत. नाटकाचा आणि मेट्रोचा मुद्दा रास्त आहे. पण मुलगी जर खरोखर इमारती काढणारी असेल, तर तिला सकाळचं ऊन पाहिजे, आणि त्यासाठी फोर्टात राहण्याला तोड नाही. मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीएचं गेस्टहाउस आहे, बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी. तिथून ओव्हल मैदान पायी. खोल्या मोजक्या असल्याने आरक्षण खूप आधी लागतं. नाही मिळालं तर दादर.

कुठेही राहा, रविवार सकाळ फोर्टाला द्या. आठवड्याच्या इतर दिवशी दादाभाई नौरोजी रस्त्यावर उभं राहून रेखाटणं जवळजवळ अशक्य असतं. गाड्या, फेरीवाले, ऑफिसची गर्दी. रविवारी नऊला तोच रस्ता रिकामा मिळतो.

सुरुवात सीएसएमटीपासून करा. १८८७ ची इमारत, वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, २००४ पासून जागतिक वारशात. सगळी इमारत एका कागदावर काढायला गेली तर तासभरात वैतागेल. तिला तुकडे निवडायला सांगा. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे, इंग्लंड आणि हिंदुस्थान. भिंतींवर मोर, माकडं, पानं-वेली, पाण्याच्या पन्हाळ्यांना विचित्र तोंडाचे प्राणी. यातलं पुष्कळ कोरीवकाम तिथून जवळच असलेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. चित्रकलेच्या परीक्षा देणाऱ्या पोरीला हे आधी सांगा, मग ती त्या भिंतीकडे वेगळ्या डोळ्यांनी बघेल. समोर रस्त्यापलीकडे महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच. दोन्ही एकाच कोपऱ्यावरून दिसतात.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने कमानींखालून चालत हुतात्मा चौक, मग डावीकडे हॉर्निमन सर्कल. एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या बसून काढायला उत्तम जागा. परत काळा घोड्याकडे या. निळ्या रंगाचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १८८४ चं आहे. बाहेरून काढा, रंगपेटी नेली असेल तर इथे वापरायची. साडेअकरा-बाराला ऊन चढलं की वस्तुसंग्रहालयात शिरा. तीन तास सहज जातात. त्या इमारतीचा घुमट बघताना तिला विचारा, हा कुठे बघितल्यासारखा वाटतो का. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेटने तो विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला, आणि सांगलीकरांना विजापूर काही लांब नाही.

जहांगीर आर्ट गॅलरी शेजारीच आहे, प्रवेश फुकट, अकरा ते सात. तिथे बहुतेक वेळा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांपाशी बसलेले असतात आणि मुलांनी विचारलं की मनापासून बोलतात. कागद कुठला, रंग कुठला, असे सरळ प्रश्न विचारायला सांगा.

दुपारी चारला ओव्हल मैदान. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि १८७८ चा राजाबाई टॉवर, सगळं टोकदार कमानींचं गॉथिक. पाठ फिरवली की पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या आणि आडव्या रेषा. दोन्ही मिळून २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेलं. चारला पश्चिमेचं ऊन थेट टॉवरवर पडतं आणि छाया-प्रकाश स्पष्ट दिसतो. रविवारी मैदानात क्रिकेटचे सामने चालू असतात, म्हणून कडेच्या झाडांखाली बसा.

सामान म्हणाल तर ए५ ची जाड कागदाची वही, ४बी पेन्सिल, एक वॉटरप्रूफ काळं पेन, पाण्याचा ब्रश आणि छोटी रंगपेटी. घडीचं स्टूल नको, ओझं होतं. बसायला जुनी प्लॅस्टिकची चटई फाडून दोन तुकडे आणा.

लोकलप्रेमी_अंबरनाथ

ताई, लोकल टाळू नका. तिसऱ्या दिवशी तरी घ्याच. मुंबई बघितली आणि लोकल नाही, असं होऊ देऊ नका. घाबरण्याचं कारण गर्दी असते, आणि गर्दीला वेळ आणि दिशा असते. सकाळी साडेआठ ते साडेदहा दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या, संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उत्तरेकडे जाणाऱ्या. उलट दिशेला त्याच वेळी बसायला जागा मिळते. म्हणजे सकाळी दहाला दादरहून वांद्र्याला जा आणि संध्याकाळी सहाला वांद्र्याहून दादरला या, दोन्ही वेळा खिडकी मिळू शकते.

या वयाची मुलं रात्री उशिरापर्यंत जागतात आणि सकाळी उठत नाहीत. तो आळस नव्हे, किशोरवयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. तिला नऊपर्यंत झोपू द्या, साडेदहाला निघा, तोवर गर्दी आपोआप सरलेली असते.

तिकीट: रेलवन ॲपवर काढायचं, पण स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी. फलाटावर उभं राहून काढायला गेलात तर ॲप नकार देतं, आणि नवखी माणसं नेमकी तिथेच अडकतात. तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो. नाहीतर खिडकीवर किंवा यंत्रावर कागदी काढा. दादर ते सीएसएमटी सेकंड क्लास ५ रुपये. एसी लोकलचं तिकीट वेगळं आणि बरंच महाग. साध्या तिकिटावर एसीत चढलात तर दंड.

दादरचे फलाट आता ओळीने मोजतात: १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य रेल्वे. जुन्या माहितीत दोन्हीकडे १ पासून आकडे आहेत, ती वापरू नका. फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी कुठली, फास्ट (F) की स्लो (S), किती डब्यांची आणि किती मिनिटांत, एवढं असतं. F-S न बघता चढणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. माटुंग्याला उतरायचं असेल आणि फास्टमध्ये बसलात तर गाडी सरळ पुढे निघून जाते.

महिला डबा कुठे येईल ते फलाटावरच्या खांबांवर तिरप्या रंगीत पट्ट्यांनी दाखवलेलं असतं, तिथेच उभ्या राहा. गाडी आली की आधी बाजूला उभं राहून उतरणाऱ्यांना वाट द्यायची. दादरला गाडी अर्धा मिनिट थांबते आणि दाराच्या मधोमध उभा असलेला माणूस आत किंवा बाहेर ढकलला जातो. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. ओढणी आणि कानातली लोंबती डुलं आत. चढल्यावर दारात थांबू नका, दोन बाकांच्या मधल्या जागेत सरका. उतरायचं असेल तर आधीच्या स्टेशनपासून दाराकडे यायला लागा आणि पुढच्या बाईला विचारा, 'दादर का?' ती हो म्हणाली की तिच्या मागे उभं राहायचं, बास.

आणि मोबाइल दारात हातात धरायचा नाही, कितीही छान व्ह्यू असला तरी. रुळांच्या कडेला उभे राहून काठीने हातावर फटका मारून मोबाइल पाडणारे असतात. फोन तर जातोच, पण तो धरायच्या धडपडीत माणसंही खाली पडली आहेत. पोरीला हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगा.

मेघना_सांगली

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. दोन गोष्टी अजून सांगा. चढताना किंवा गर्दीत दोघींची चुकामूक झाली तर काय? आणि ती म्हणते, मला एक दुपार एकटीला दे. द्यावी का? घारापुरीबद्दलही सांगा, बोट लागते तिला.

दादरची_मावशी

चुकामुकीचा नियम निघण्याआधी ठरवायचा आणि तिच्याकडून म्हणवून घ्यायचा. गाडीत चढता आलं नाही ती फलाटावरच थांबते, जी चढली ती गाडीच्या पुढच्या थांब्यावर उतरते आणि तिथून हलत नाही. मागे राहिलेली पुढच्या गाडीने त्याच डब्यात बसून येते. 'पुढचा थांबा' म्हणायचं, 'पुढचं स्टेशन' नाही, कारण फास्ट गाडीला दादरनंतर सीएसएमटीकडे जाताना भायखळा येतं आणि पश्चिम मार्गावर चर्चगेटकडे जाताना मुंबई सेंट्रल. म्हणून पहिले दोन प्रवास स्लो गाडीनेच करा, वेळ दहा मिनिटं जास्त लागेल.

मागे राहिलेलीनेही स्लोची वाट बघायची की फास्टची, हे त्याच नियमात बसतं: जी चढली तिची गाडी ज्या जातीची, त्याच जातीची पुढची. हे ठरलं नसेल तर दोघी दोन स्टेशनांवर एकमेकींना शोधत बसतात.

फोनवर अवलंबून राहू नका. भुयारी मेट्रोत रेंजचे वांधे होतात, आणि बॅटरी नेमकी संध्याकाळीच संपते. तिच्या खिशात एक कार्ड असू दे: हॉटेलचं नाव, रस्ता आणि जवळची खूण, तुमचा नंबर, घरचा एक नंबर. आणि पाकिटाबाहेर वेगळे पाचशे रुपये. मेट्रोचं तिकीट वर रस्त्यावरच ॲपवर काढून ठेवा, किंवा एनसीएमसी कार्ड घ्या, ते मेट्रोलाही चालतं आणि बेस्टच्या बसलाही. रेल्वेत काही झालं तर १३९, मुंबई पोलिसांची महिलांसाठीची हेल्पलाइन १०३, कुठेही ११२.

एकटी दुपार जरूर द्या. पण 'दुपार' अशी मोघम नको. जागा, वेळ आणि कामं ठरवून द्या. पहिल्यांदा वस्तुसंग्रहालयात सोडा: एकच फाटक, तिकीट काढून आत, पहारेकरी, स्वच्छ बाथरूम, कॅफे. दीड तास तिचा, तुम्ही बागेत बसा. ते नीट जमलं तर हुतात्मा चौकाजवळचं किताबखाना पुस्तकांचं दुकान आणि समोरच्या फुटपाथवरचे पुस्तकवाले, एवढा टप्पा एकटीला. तिसऱ्या वेळी बाजार. थेट बाजारापासून सुरुवात करू नका. भेटायची जागा अशी निवडा की तिथे एकच दार असेल. 'चर्चगेट स्टेशनवर भेटू' म्हणजे न भेटणं.

आणि तिला खरं काम द्या. एका दिवसाची वाट तिने ठरवायची, तिकिटं तिने काढायची, इंडिकेटर तिने वाचायचा. ती चुकतेय असं दिसलं तरी दोन मिनिटं गप्प बसा. उलट्या दिशेच्या गाडीत बसल्या तर पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं, दहा रुपयांचं नुकसान. त्या चार दिवसांत ती जितकं शिकेल तितकं तुमच्या मागून हात धरून फिरताना शिकणार नाही.

बायकांच्या अडचणीचंही बोलून ठेवते. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड आणि एक जास्तीची सलवार रोजच्या सॅकमध्ये ठेवा. स्टेशनवरची स्वच्छतागृहं शेवटचा पर्याय समजा. संग्रहालय, मेट्रो स्टेशन, मॉल, जिथे बरं दिसेल तिथे जाऊन यायचं. 'आत्ता नको, नंतर' म्हणत बसलं की नंतर जागा सापडत नाही.

फोर्टकर

घारापुरी मंगळवारी करा. सोमवारी बंद, रविवारी रांगेतच दोन तास जातात. पहिली बोट साधारण नऊची, गेटवेवरून. तासाभराचा प्रवास, उतरल्यावर धक्क्यावरून चालत किंवा छोट्या गाडीने, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. जाऊन-येऊन पाच तास धरा. लेणं १९८७ पासून जागतिक वारशात आहे, भारतीयांना तिकीट ४० रुपये आणि १५ वर्षांखालील मुलांना फुकट. म्हणजे लेकीचं तिकीट नाही, पण वयाचा पुरावा म्हणून आधार दाखवा.

बोट लागते म्हणता तर निघायच्या तासभर आधी हलकं काहीतरी खाऊ घाला. रिकामं पोट आणि तुडुंब पोट, दोन्ही वाईट. बसायचं खालच्या डेकवर, मधोमध किंवा मागच्या बाजूला, तिथे डोलणं सर्वात कमी. नजर दूर क्षितिजावर. मोबाइल बघणं आणि वही काढून रेखाटणं बोटीत नको, त्याने हमखास मळमळतं. डिझेलच्या वासाने त्रास होत असेल तर वाऱ्याच्या बाजूला. डिसेंबरात सकाळी समुद्र शांत असतो, वारा दुपारनंतर वाढतो, म्हणून परतीला एकच्या आसपासची बोट धरा. लाइफ जॅकेट अंगावर घालून ठेवा, नुसतं शेजारी नको. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर प्रवासी बोटीला अपघात होऊन माणसं गेली, त्यानंतर ते सक्तीचं आहे.

वर माकडं आहेत. हातात खाण्याची पिशवी किंवा कोल्ड्रिंकची बाटली दिसली की हिसकावतात. सगळं सॅकच्या आत, चेन लावून.

आत त्रिमूर्तीसमोर सगळे फोटो काढून दहा मिनिटांत निघतात. तुम्ही दाराजवळच्या खांबापाशी बसा. उजेड बाजूने येतो, डोळे सरावायला पाच मिनिटं लागतात, मग त्या तीन चेहऱ्यांतला फरक दिसायला लागतो: मधला शांत, एक उग्र, एक नाजूक. चित्र काढणाऱ्या मुलीला तिथे पाऊण तास द्या.

रानडे_रोड

खरेदीवर कोणीच बोललं नाही, म्हणून मी लिहितो.

खरेदी शेवटच्या दिवशी ठेवा. बुधवारी खोली सोडून सामान सीएसएमटीच्या क्लोकरूमला टाका. बॅगांना कुलूप नसेल तर तिथे घेत नाहीत, आणि तुमचं प्रवासाचं तिकीट मागतात, ते फोनवर तयार ठेवा. गाडी रात्री तिथूनच सुटते, म्हणजे दिवसभर सीएसएमटीच्या भोवतीच फिरायचं.

सकाळी क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. प्रवेशद्वारावरच्या दगडी शिल्पपट्ट्या जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या आहेत, लेकीला मान वर करून बघायला सांगा. तिथून जवळ अब्दुल रेहमान स्ट्रीट: वह्या, कागद, पेनं, रंग, सगळं घाऊक. डझनाने घेतलं तर भाव चांगला. एखादं-दुसरं नग मागितलंत तर दुकानदार लक्ष देत नाही, म्हणून तिच्या मैत्रिणींची यादी घेऊन या. दुपारी फॅशन स्ट्रीट.

फॅशन स्ट्रीटला कपडे घालून बघायची सोय नाही आणि घेतलेलं बदलून मिळत नाही. म्हणून अंगाला बसणारा टी-शर्ट घालून जावं, म्हणजे टॉप वरून घालून बघता येतो. जीन्ससाठी घरी नीट बसणारी एक जीन्स सपाट ठेवून कंबर, मांडी आणि लांबी टेपने मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. तिथे लेबलवरच्या साइझला काही अर्थ नाही, एकाच गठ्ठ्यातल्या दोन '२८' वेगवेगळ्या निघतात. टेप बरोबर न्या. कपडा उजेडात धरून बघा, काखेची आणि मांडीची शिवण दोन्ही हातांनी ताणा, चेन तीनदा वर-खाली करा. काळा आणि लाल रंग असेल तर ओला रुमाल आतून घासा, रुमालाला रंग आला तर सोडून द्या.

भाव करताना सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याच्या खालून सुरुवात. पण विचारायचं तिने, आणि तुम्ही चार पावलं लांब. आई शेजारी उभी असेल तर दुकानदार तिच्याशी बोलतो आणि पोरगी गप्प होते. तिला ठरावीक रक्कम रोख द्या आणि सांगा, एवढीच. यूपीआयने हात सुटतो. 'लास्ट प्राइस' ऐकल्यावर हसून पुढे चालायला लागायचं, घ्यायचं नसेल तर मात्र भाव करायचा नाही. त्याचाही वेळ आहे.

खोट्या दागिन्यांत निकेल असतं, कानाला खाज सुटणारी असेल तर कानातली घेऊच नका, माळा-बांगड्या घ्या.

मेघना_सांगली

सगळं वहीत उतरवलं आणि लेकीच्या हातात दिलं. तिने असं मांडलंय, बघा बरं: शनिवारी दुपारी राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. रविवारी फोर्ट. सोमवारी मलबार हिलवरची ती झाडांतली लाकडी वाट, मग संध्याकाळी वांद्रे. मंगळवारी घारापुरी, नंतर किताबखाना, रात्री नाटक. बुधवारी खरेदी आणि गाडी.

फोर्टकर

पोरीने छान मांडलंय. तीन दुरुस्त्या.

शनिवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्ह नको, सुट्टीतला शनिवार आहे. रात्रीच्या गाडीत झोप झालेली नसते. राणीची बाग करून खोलीवर या, संध्याकाळी दादरची चौपाटी किंवा शिवाजी पार्कचा कट्टा, तिथल्या तिथे. मरीन ड्राइव्ह रविवारी ओव्हलनंतर लगेच, पाचच्या आत. मैदानापासून पायी पाच-सात मिनिटं.

मलबार हिलची वाट कमला नेहरू पार्कजवळ आहे, मार्च २०२५ मध्ये सुरू झाली, साधारण ४८५ मीटर. पहाटे ५ ते रात्री ९, प्रवेश २५ रुपये. पण महापालिकेच्या संकेतस्थळावर वेळ निवडून आधी नोंदणी करावी लागते, दर तासाला ठरावीकच माणसं सोडतात. सोमवारी सकाळी अकराची वेळ आधीच घेऊन ठेवा. तिथून खाली बाणगंगेला उतरा, तलावाच्या पायऱ्या आणि भोवतालची घरं तिला वहीत हवीच असतील. देवळं नकोत म्हणाली आहे, तर तलाव म्हणून बघू दे. वांद्र्याला दोनपर्यंत पोचा, संध्याकाळी नाही. स्टेशनवरून रिक्षाने माउंट मेरी, तिथून चालत किल्ला, मग रानवार आणि चॅपल रोडच्या गल्ल्या आणि भिंतींवरची चित्रं. सहाला परतीची लोकल, दक्षिणेकडे जाणारी, मोकळी. नटांचे बंगले बघायचे म्हणत असेल तर आधीच सांगा की फाटकाशिवाय काही दिसत नाही.

मंगळवारी घारापुरीसाठी सकाळी आठला निघावं लागेल आणि तीच ऑफिसची वेळ. त्या दिवशी लोकल नको. मेट्रोने हुतात्मा चौक, तिथून गेटवे चालत पंधरा-वीस मिनिटं किंवा टॅक्सी. परत आल्यावर किताबखाना करून चारला दादरची मेट्रो पकडा, दोन तास झोपा, मगच नाटक. प्रयोगाचं तिकीट आधी ऑनलाइन काढताना नाट्यगृहाचं नाव दोनदा वाचा. एकच नाटक त्याच आठवड्यात दादरला, पार्ल्याला आणि ठाण्याला लागलेलं असतं.